ग्रीक ‘एइता’ आणि ‘एपेइता’ : मधल्या काळात फरक आहे का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
नमस्कार. आम्ही काही जण रविवारी एकत्र बसून नवा करार मूळ ग्रीकमधून वाचतो. ‘एइता’ आणि ‘एपेइता’ या दोन्ही अव्ययांचा अर्थ ‘मग, नंतर’ असा दिला जातो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो, की पुनरुत्थानानंतर ख्रिस्त केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, ‘एइता’ बारा जणांना, ‘एपेइता’ ५००हून अधिक बंधूंना, ‘एपेइता’ याकोबाला, ‘एइता’ सर्व प्रेषितांना. ‘एइता’ म्हणजे लगेच आणि ‘एपेइता’ म्हणजे बऱ्याच काळाने, असे आमच्यातील एका सदस्याचे म्हणणे आहे. ते ग्राह्य धरावे का?

उत्तर (सदर, नागपूर)
धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘एपेइता’ हा शब्द ‘एपि’ आणि ‘एइता’ मिळूनच झाला आहे. शिवाय याच ओळींत काही प्राचीन हस्तलिखितांत एकाच्या जागी दुसरा शब्द आढळतो. अर्थात नकलकारांनाही त्यांत मोठा भेद जाणवत नव्हता. काळाचे अंतर महत्त्वाचे असते तेव्हा पौल ते आकड्याने सांगतो. गलतीकरांस पत्रात तो ‘एपेइता’ ३ वर्षांनी यरुशलेमेस जातो, ‘एपेइता’ सिरिया व किलिकिया प्रांतांत, आणि ‘एपेइता’ १४ वर्षांनी पुन्हा यरुशलेमेस. ही १४ वर्षे पहिल्या भेटीपासून मोजायची की दिमिष्काजवळच्या (दमास्कसजवळच्या) त्याच्या ख्रिस्तदर्शनाच्या अनुभवापासून, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. कारण पुढची घटना कोणती एवढेच ते अव्यय सांगते, मोजणी कोठून सुरू करायची ते सांगत नाही.

उत्तर (महाल, नागपूर)
वरील मताशी सहमत आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या ४थ्या अध्यायात जमीन ‘प्रोतोन’ (प्रथम) पाते देते, ‘एइता’ कणीस, ‘एइता’ कणसात भरलेला दाणा. आपल्याकडे ज्वारी पोटरीतून निसवली, की दाणा भरून पक्का होईपर्यंत कित्येक आठवडे जातात, हे कोणताही शेतकरी सांगेल. तेव्हा ‘लगेच’ हा अर्थ येथे बसत नाही. अभिजात ग्रीकमध्ये तर ‘एइता’ काळ सोडून संतापही दाखवतो. प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’त सॉक्रेटिस एका काल्पनिक आक्षेपकाच्या तोंडी ‘एइत ऊक आइस्ख्युने’, म्हणजे ‘मग तुला लाज नाही वाटत?’ असा प्रश्न घालतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. करिंथकरांस पत्राच्या त्याच १५व्या अध्यायात पुढे मेलेल्यांतून उठण्याचा क्रम सांगताना ख्रिस्त प्रथमफळ (पहिला उठलेला), ‘एपेइता’ त्याच्या आगमनाच्या वेळी त्याचे लोक, ‘एइता’ शेवट, असा क्रम आहे. तेथेही हाच नियम लावावा ना?

उत्तर (सदर, नागपूर)
होय. आगमन आणि शेवट यांच्यामध्ये ख्रिस्ताचा दीर्घ राज्यकाळ मानणारे आणि न मानणारे, दोघेही ‘एइता’चा आधार घेतात. निर्णय २५व्या ओवीपासूनच्या युक्तिवादावर करावा. या अव्ययावर तेवढा भार टाकू नये.