शब्दचर्चा : ‘ऐतिहासिक नकाशा’ म्हणजे नेमका कुठला?

टिपणवही :
आमच्या वाचनगटात सध्या एकोणिसाव्या शतकातली आफ्रिका चालू आहे. मी दोन नकाशे छापून नेले. एक जेम्स रेनेलचा, मंगो पार्कच्या प्रवासाच्या माहितीवरून १७९८ मध्ये काढलेला. दुसरा अलीकडच्या एका अ‍ॅटलासमधला, ‘१९१४ मधील आफ्रिका’. दोन्हींखाली ‘ऐतिहासिक नकाशा’ असं लिहून मोकळा झालो, तर गटातल्या एका काकूंनी तिथेच अडवलं. “अहो, एक त्या काळी काढलाय, दुसरा त्या काळाबद्दल काढलाय. दोघांना एकच नाव कसं?” उत्तर सुचलं नाही. मराठीत यासाठी वेगळे शब्द आहेत का? शिवाय ‘अ‍ॅटलास’ला काय म्हणता? ‘नकाशासंग्रह’ बरोबर वाटतो, पण बोलताना कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

साखळीकडी :
भूमापनात नोकरी झाली, त्यामुळे माझं उत्तर जरा तिकडचं. शेताच्या बांधावरून भांडण लागलं की आम्ही जुनं टिपण काढायचो, फाळणी नकाशा, गाव नकाशा काढायचो. तो पुरावा. तो चुकलेलाही असू शकतो, पण त्या वेळच्या माणसाने काय मोजलं, काय मानलं, हे तो सांगतो. तुमचा १९१४ चा नकाशा पुरावा नव्हे, ते वकिलाचं म्हणणं आहे. कागदपत्रं वाचून कुणीतरी नंतर मांडलेलं. म्हणून पहिला ‘जुना नकाशा’ आणि दुसरा ‘इतिहासाचा नकाशा’. ‘ऐतिहासिक’ला सुट्टी द्या. हल्ली क्रिकेटचा सामनाही ऐतिहासिक असतो.

रेनेलचंच बघा. त्याने पश्चिम आफ्रिकेत ‘कोंग’ नावाची पर्वतरांग आडवी काढली. इतर नकाशेकारांनी ती उतरवून घेतली आणि जवळजवळ नव्वद वर्षं ती नकाशांवर राहिली. फ्रेंच अधिकारी लुई-गुस्ताव्ह बँजे १८८७ ते १८८९ मध्ये त्या भागात हिंडून आला, तेव्हा कळलं की अशी रांग नाहीच. हाच रेनेल आधी बंगालचा सर्व्हेअर जनरल होता, म्हणजे माणूस कच्चा नव्हता. भूगोल शिकायला हा नकाशा निरुपयोगी आहे. युरोपला १८०० च्या सुमारास आफ्रिकेचं आतलं अंग किती ठाऊक होतं, हे शिकायला मात्र त्याच्याइतका चांगला दुसरा नाही.

पैठणीकाठ :
साखळीकडींशी सहमत. थोडी व्युत्पत्ती. ‘नकाशा’ अरबी ‘नक्श’वरून फारसीमार्गे आला. नक्श म्हणजे कोरणं, उठवणं. आपली ‘नक्षी’ त्याच घरातली. ‘नक्षा उतरवणे’मधला नक्षाही तिथलाच, फक्त तो मिजाशीकडे गेला. हिंदीतलं ‘मानचित्र’ मोजमापावर भर देतं, आपला नकाशा रेघेवर. मला आपला आवडतो, कारण रेघ कुणीतरी मारलेली असते हे तो लपवत नाही.

‘अ‍ॅटलास’ची गंमत वेगळी. नकाशेकार मर्केटरचा नकाशासंग्रह त्याच्या मृत्यूनंतर १५९५ मध्ये निघाला, त्याला त्याने हे नाव दिलं होतं. सगळ्यांना पृथ्वी खांद्यावर घेतलेला दैत्य आठवतो. पण ग्रीक कथेतल्या अ‍ॅटलासने पृथ्वी नव्हे, आकाश पेललं होतं. आणि मर्केटरच्या मनात होता तो उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन मॉरिटेनियाचा त्याच नावाचा राजा, खगोल जाणणारा. असा संग्रह त्याच्याही आधी, १५७० मध्ये, ऑर्टेलियसने अँटवर्पला काढला होता. त्याने नाव ठेवलं ‘जगाचं नाट्यगृह’. तेच रुळलं असतं तर आज आपण दप्तरात नाट्यगृह घेऊन गेलो असतो!

अवांतर : आजीच्या पेटीतली ‘अतलस’ याच्याशी संबंधित नाही, ती अरबीतून आलेली, गुळगुळीत रेशमी कापड. पण इंग्रजी ‘मॅप’च्या मुळाशी असलेला लॅटिन ‘माप्पा’ मात्र खरंच कापडाचा रुमाल. त्या हिशेबाने ‘भूपट’ शोभला असता, कारण पट म्हणजेही कापडच. माझा आग्रह नाही. ‘अ‍ॅटलास’ मराठी झालाय, राहू द्या.

शीवओलांडू :
नावं ठरली, पण इतिहासाच्या नकाशात त्याहून मोठा घोळ रंगाचा असतो. १९१४ च्या आफ्रिकेत इथिओपिया आणि लायबेरिया सोडले तर सगळीकडे कुठल्या ना कुठल्या युरोपीय सत्तेचा रंग भरलेला असतो, काठापासून काठापर्यंत. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी किनाऱ्यावर ठाणं आणि आत नुसता दावा. नकाशाच्या रंगसूचीत मात्र दोन्हींना एकच चौकोन. बर्लिनच्या १८८४-८५ च्या परिषदेत टेबलावर बसून सगळ्या रेघा मारल्या, असंही सर्रास सांगतात. बहुतेक सीमा नंतर दोन-दोन देशांच्या करारांतून ठरल्या.

आपल्याकडचं उदाहरण जवळचं आहे. १७५८ ला मराठे अटकेपर्यंत गेले म्हणून नकाशात तिथवर भगवा ओततात. पण मुघलांकडून मिळालेल्या १७१९ च्या सनदांतच स्वराज्य वेगळं, चौथाई वेगळी, सरदेशमुखी वेगळी. जिथे फक्त चौथ मिळायची तो मुलूख कुठल्या रंगाचा? मी तरी पट्टे मारीन.

म्हणून शब्दही जपून वापरावा. ‘सीमारेषा’ म्हणजे रेघ. ‘सरहद्द’ म्हणजे पट्टा, जिथे कुणाचा अंमल कुठे संपतो हे हंगामावर आणि फौजेवर अवलंबून. जुन्या साम्राज्यांना सरहद्द म्हणा. फाळणीची रॅडक्लिफने आखलेली, १७ ऑगस्ट १९४७ ला जाहीर झालेली, ती सीमारेषा. गावाची ‘शीव’ही ‘सीमा’वरूनच आली, मुंबईतलं शीव स्टेशन त्याच शब्दाचं.

साखळीकडी :
शीव पट्टा नव्हे हो, रेघच. दगड पुरलेले असतात.

शीवओलांडू :
तुमच्या खात्याने पुरल्यावर!

टिपणवही :
मंडळी, आभार. रेनेलखाली ‘जुना नकाशा, १७९८’ आणि दुसऱ्याखाली ‘इतिहासाचा नकाशा : १९१४ ची स्थिती’ असं लिहिलं. तो कुठल्या साली छापला तेही शेजारी टाकलं. काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, आता कोंग पर्वत पेन्सिलीने खोडू नका म्हणजे झालं.

एक शंका उरली. अरब भूगोलकार अल-इद्रिसीच्या ११५४ च्या नकाशात दक्षिण वर आहे. तो आपण सरळ धरून छापतो की उलटा? आणि ‘उलटा’ म्हणायचं तरी का? आमच्याकडे देशावर जाणं म्हणजे ‘वर घाटावर’, म्हणजे चक्क पूर्वेला.