'रेझिलियन्स सेंटर'साठी मराठी शब्द कोणता?

प्रश्न : हवामानबदलाचा धोका असलेल्या शहरांत वस्तीपातळीवर 'कम्युनिटी रेझिलियन्स सेंटर' (एरवी आणि संकटातही वस्तीला आधार देणारी इमारत) कसे उभारावे, अशा एका मार्गदर्शिकेचा अनुवाद करते आहे. कोशात लवचीकता, स्थितिस्थापकता, प्रतिकारक्षमता हे पर्याय आहेत. 'सामुदायिक लवचीकता केंद्र' लिहिले तर वाचणाऱ्याला व्यायामवर्ग वाटेल. सरळ 'निवारा केंद्र' म्हटले तर चालेल का?

उत्तर : 'स्थितिस्थापकता' पदार्थविज्ञानातच राहू द्यावा. ताणलेले रबर सोडले की पूर्वीच्या आकारात येते, तो गुण म्हणजे स्थितिस्थापकता. सी. एस. हॉलिंग या परिसंस्था-अभ्यासकाने 1973 साली 'रेझिलियन्स' मांडला तो वेगळ्या अर्थाने : धक्का पचवून आपले अंतर्गत संबंध टिकवून धरण्याची क्षमता. तिथे जुन्याच रूपात परतण्याची अट नाही. पुरात बुडालेली वस्ती होती तशीच पुन्हा बांधली, विजेचे मीटर त्याच उंचीवर लावले, तर पुढच्या पुरात तेच होणार. काही जण 'सोशिकता' सुचवतात, त्याला माझा ठाम विरोध आहे. त्यात सगळा भार सोसणाऱ्यावर पडतो आणि बांधणाऱ्याची जबाबदारी उरतच नाही.

'निवारा केंद्र' हा अर्थपूर्ण शब्द आहे, पण या इमारतीच्या कामाचा तो एक तुकडा झाला. निवारा आपत्तीपुरता. ही जागा मात्र तीन वेळांसाठी आखायची असते : रोजचे दिवस, संकटाचे दिवस आणि नंतरचे सावरण्याचे महिने. यातली पहिली वेळ सर्वांत महत्त्वाची, असे मला वाटते. 1995 च्या जुलैमध्ये शिकागोतल्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध मोठ्या संख्येने होते. ज्या दारात कधी पाऊल टाकले नाही, तिथे ऐन काहिलीत ते जातील कसे? म्हणून वाचनालय, दवाखाना, मुलांचे वर्ग आधी. थंड खोली त्यांच्यातच. 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटाची वीज गेली तेव्हा आदहुंतास गावातल्या 'कासा पुएब्लो' या जुन्या लोकसंस्थेचे दिवे सौरऊर्जेवर चालू होते. लोक श्वसनाची उपकरणे चालवायला, फोन चार्ज करायला तिथे आले. ओळख आधीपासूनची होती, पत्ता कुणाला सांगावा लागला नाही.

म्हणून माझी पसंती 'सावरणे' या धातूला. माणूस स्वतः सावरतो आणि दुसऱ्यालाही सावरतो. अकर्मक-सकर्मक दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात आहेत, आणि 'कम्युनिटी' या शब्दातून नेमके तेच अपेक्षित आहे. शिवाय तोल जातानाच आपण सावरतो, म्हणजे संकटातला क्षणही त्यात येतो. पाळणाघरासारखे 'सावरघर' म्हणावे.

शंका : 'सावर' म्हणजे काटेसावरीचे झाड नव्हे का? आणि निवारा केवळ आपत्तीपुरता हे पटत नाही. बांगलादेशातली अनेक चक्रीवादळ आश्रयस्थाने एरवी शाळा म्हणून वापरतात. खांबांवर उचललेली इमारत, वर वर्ग. वापर बदलला तरी नाव तेच आहे.

उत्तर : बांगलादेशचे उदाहरण योग्य आहे, ते माझ्या बाजूनेही बोलते : शाळा रोज भरते म्हणून वाट पायाखालची होते. पण आपल्याकडे कागदावर 'निवारा' लिहिले की खर्चपत्रकात चटया, पाणी, शौचालये येतात. बॅटरी, औषधांसाठी फ्रिज, व्हीलचेअरसाठी उतार, नुकसानभरपाईचे अर्ज भरून देणारी खिडकी ही सुटतात. झाडाची शंका संदर्भाने मिटेल. 'आवरासावर' म्हणताना कुणाला काटेसावर आठवत नाही.

प्रश्नकर्ती : 'सावरघर' पटले. पण तांत्रिक प्रकरणात 'रेझिलियन्स' हा गुण म्हणून येतो. तिथे काय?

उत्तर : तिथे एकच शब्द सगळीकडे बसवू नये. इमारतीबद्दल असेल तर 'तग' : 'वीज गेल्यावर हे छत व बॅटरी मिळून किती तास तग धरतील?' लोकांबद्दल असेल तर 'सावरण्याची क्षमता'. शहराच्या पाणीपुरवठ्याबद्दल असेल तर वाक्यच उलगडून लिहावे : 'एक जलवाहिनी फुटली तरी दुसरीकडून पाणी पोहोचेल अशी रचना'. शब्द लांबतो, पण अभियंत्याला काय बांधायचे ते कळते. मार्गदर्शिकेत पहिल्या उल्लेखाला 'सावरघर (रेझिलियन्स सेंटर)' असे देवनागरीतच द्या, पुढे नुसते 'सावरघर'.