मदत हवी आहे: पणजोबांचं दत्तक, 1911 चा दावा आणि न सापडणारं मूळ गाव (दारव्हा-कारंजा भाग)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात माझं माहेर, सध्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आधीच सांगते, मला जातीचा दाखला नको आहे. रेकॉर्ड रूममध्ये तीनदा गेले, तिन्ही वेळा पहिला प्रश्न तोच. दुसरा प्रश्न: "तुम्ही तर सासरच्या झाल्या, माहेरची वंशावळ कायले पायजे?"

तर गोष्ट अशी. आमचे पणजोबा दत्तक आलेले. कुठून आले ते कोणालाच माहीत नाही. घरात सांगतात की छपन्नाच्या काळात, म्हणजे 1899-1900 च्या दुष्काळात, चारपाच वर्षांचं पोर कोणीतरी आमच्या दारात आणून सोडलं. आईबाप उपाशी मेले. माझी मोठी आई आता ऐंशीच्या पुढे आहे. नवी सून म्हणून आली तेव्हा म्हातारे पणजोबा ओसरीवर असायचे. "गाव कोणतं?" विचारलं की एवढंच म्हणत, "अडाणच्या वरच्या अंगाले." अडाण नदी आमच्याकडे कारंज्याकडून येते, म्हणून मी कारंजा धरते. आखाजीला घरी पितरांच्या घागरी मांडल्या की त्यातली एक दत्तक बापाची, आणि दुसरी कोणाची हे विचारलं तर ते उठून वावरात चालू लागत.

मागच्या दिवाळीत धाब्याच्या खोलीतली लोखंडी पेटी उघडली. वाळवीने अर्ध्याहून जास्त खाल्लं होतं. दोन कागद वाचण्याजोगे निघाले.

पहिला इंग्रजीत, हाताने लिहिलेली हुकूमनाम्याची नक्कल, सन 1911. दाव्याचा नंबर आणि कोर्टाचं नाव होतं तो कोपराच गेलाय. वादी तिघे, खापरपणजोबांचे पुतणे. प्रतिवादी नंबर 1 खापरपणजी. प्रतिवादी नंबर 2 माझे पणजोबा, त्यांच्या नावापुढे "दत्तक म्हणवणारा, अज्ञान, पालक प्रतिवादी नं. 1". अज्ञान म्हणजे अजून सज्ञान न झालेला. दावा खर्चासह खारीज.

दुसरा मोडीत आहे. एका सरांकडून वाचून घेतला. दत्तकपत्राचा शेवटचा तुकडा आहे, खाली "सन 1316" आणि चार निशाण्या. मी 1316 हिजरी धरून हिशोब केला तर 1898 येतं. मग पोर दुष्काळाच्या आधीच दत्तक आलं! इथेच अडकले आहे. घरची गोष्ट खोटी की कागद खोटा?

गावचं कोतवाल बुक पाहिलं, जुनी पानं नाहीतच. 1918 चं आहे. मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीच्या महिन्यात मरणाच्या कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप, खाली तसंच ओढलेलं, आणि पानाच्या मध्येच अक्षर बदलतं. आधीचा लिहिणारा कुठे गेला हे पुढच्याच ओळींत असावं, पण ते नाव सरांनाही लागलं नाही.

प्रश्न असे: नंबर नसताना 1911 चा दावा कसा शोधायचा? आणि 1901 किंवा 1911 च्या खानेसुमारीत कारंज्याकडच्या गावांची घरवार नावं कुठे मिळतील?

तूरदाणा:
जात पडताळणीचं काम असेल तर 1967 च्या आधीचे पुरावे लागतात ताई.

धागाकर्ती:
दादा, पहिला परिच्छेद वाचा.

वाटसरू_मूर्तिजापूर:
खानेसुमारीचा नाद सोडा. इंग्रजांच्या काळातली शिरगणती म्हणजे माणसामाणसाची चिठ्ठी, ती मोजून झाली की चिठ्ठ्या संपल्या. शिल्लक राहिले ते तक्ते: तालुक्यात किती माणसं, कोणत्या जातीची किती. जातीचे असे सगळे तक्ते 1931 ला शेवटचे. नावं त्यात नाहीत. त्यानंतरच्या जनगणनेचे फॉर्म 1948 च्या कायद्याने गोपनीय आहेत, ते पाहायलाही मिळत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

एक अपवाद पाहून घ्या. 1951 च्या जनगणनेबरोबर नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर गावोगाव लिहिलं गेलं. काही तहसिलांत ते अजून आहे. पणजोबा तेव्हा हयात होते ना? बापाचं नाव दत्तकाचंच असेल, पण वय मिळेल. आणि एक लक्षात ठेवा, कारंजा तेव्हा मूर्तिजापूर तालुक्यात, अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा झाला 1998 ला. वाशीमला "आमच्याकडे नाही" म्हणाले तर खोटं बोलतात असं समजू नका, अकोल्याला जा. अकोल्याचे जुने सातबारे-फेरफार 'आपले अभिलेख' साईटवर घरबसल्याही चाळता येतात.

निवृत्त_शिरस्तेदार:
ताई, तुमचे दोन्ही कागद खरे आहेत. हिशोब चुकला आहे.

1316 हिजरी नाही, फसली आहे. वऱ्हाडात महसुलाचं साल फसली चालायचं, 590 मिळवा. 1906-07 येतं. आता कोर्टाच्या बाजूने ताडून पाहा. दत्तक रद्द ठरवून मागायला त्या काळी मुदत सहा वर्षांची होती, दत्तकाची खबर लागल्यापासून. 1906 चं दत्तक, 1911 चा दावा, बरोबर बसतं. 1898 धरलं तर मुदत कधीच गेली होती आणि वकिलाने दुसरं काही मांडण्याआधी तेच मांडलं असतं. वयही बसतं. दुष्काळात पाच वर्षांचं पोर 1911 ला सोळाचं, म्हणजे अज्ञान.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. जुन्या हिंदू कायद्यात पोरक्या मुलाचं दत्तक होतच नसे. देणार बाप, तो नसेल तर आई. तिसऱ्या कोणाला अधिकारच नाही. पुतण्यांनी दावा लावला तर पहिला हल्ला इथेच केला असणार: हे काळातलं पोरकं पोर, याला दिलं कोणी? आणि दावा खारीज झालाय. म्हणजे एकतर देणारं माणूस कोर्टापुढे उभं राहिलं असेल, नाहीतर वादींना त्यांचं म्हणणं शाबीत करता आलं नसेल. पहिलं असेल तर त्या माणसाचं नाव, नवऱ्याचं नाव आणि गाव निकालपत्रात लिहिलेलं असणार.

शोधायचं असं. जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात शोध-अर्ज द्या. नंबर नसला तरी चालतं, दाव्यांचं रजिस्टर वर्षवार असतं, 1911 चं आणि अलीकडचं पलीकडचं एकेक वर्ष मागा, वादीच्या नावाने बघा. पूर्ण मिसलीची, म्हणजे दाव्याच्या फाईलची, आशा धरू नका, साक्षीपुराव्याचे कागद मुदतीनंतर नाश होतात. निकालपत्र आणि हुकूमनामा जास्त काळ ठेवतात. पुतण्यांनी अपील केलं असेल तर अमरावतीलाही विचारा. त्याच्या वरचं अपील नागपूरला ज्युडिशियल कमिशनरकडे जाई, नागपूर हायकोर्ट 1936 ला झालं. कायद्याचा मुद्दा मोठा निघाला असेल तर 'नागपूर लॉ रिपोर्ट्स'मध्ये छापलेला सापडेल, वकील मंडळींच्या ग्रंथालयात बसून पाहता येतं.

दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर सब-रजिस्ट्रारकडे बुक नंबर 4. त्याची नक्कल सगळ्यांना देत नाहीत, पक्षकार किंवा त्यांचे वारस लागतात. तुम्ही वारस आहातच, तरी भावाची सही सोबत न्या. हे बरोबर आहे म्हणून नाही सांगत, हेलपाटे वाचतात म्हणून सांगतो.

मोडी_आणि_मी:
चार निशाण्यांचा फोटो टाका. नांगर असेल तर शेतकरी, बाईच्या नावापुढे बहुतेक बांगडी काढलेली असते.

धागाकर्ती:
काका, तुमचा प्रतिसाद रात्री मोठ्या आईला फोनवर वाचून दाखवला. फसली-बिसलीशी तिला देणंघेणं नव्हतं. "आई हयात असंन" हे ऐकून मात्र गप्प झाली. मग म्हणाली, "माही सासू सांगे, ते लग्न होऊन आली त्या साली आखाजीले दोनाच्या तीन घागरी झाल्या. तिसरी बारकी होती. बुढ्यानं सोताच आणली कुंभाराकडून."

तिची सासू म्हणजे माझी आजी. लग्न 1938-39 च्या सुमाराचं. म्हणजे कोणीतरी येऊन त्यांना सांगितलं होतं. आणि 1900 ते 1906 ती सहा वर्षं हे पोर आमच्या घरी काय म्हणून राहिलं, ढोरं राखायला का, हे कोणी कधी विचारलंच नाही, मीही नाही.

फोटो टाकलाय. चारांपैकी दोन नांगर, एक तराजूसारखं काहीतरी, आणि एक गोल आहे. मला तो आधी शाईचा डाग वाटला होता.

सोमवारी भावाची सही घेऊन यवतमाळला जाते आहे. तोवर कोणी सांगू शकेल का: अकोल्याकडच्या कोतवाल बुकांत 1937 ते 1939 मधला एखाद्या विधवेचा मृत्यू शोधायचा, पण नाव आणि गाव दोन्ही माहीत नाही, फक्त गाव अडाणच्या काठावरचं, तर सुरुवात कोणत्या गावापासून करू?