जैवविविधता आणि हवा कायद्यांतील २०२३ च्या दुरुस्त्या: गावाच्या समितीच्या हाती काय उरले?

प्रश्न:
नमस्कार. मी आमच्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. जुलै २०२३ मध्ये मणिपूरच्या प्रश्नावरून लोकसभेत गदारोळ चालू असताना दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली: २५ तारखेला जैवविविधता सुधारणा विधेयक आणि २७ तारखेला जनविश्वास विधेयक. पहिल्याने २००२ च्या जैवविविधता कायद्यातील पाच वर्षांपर्यंतची कैद काढून टाकली. दुसऱ्याने अनेक गुन्ह्यांची कैद काढण्यासाठी एकदम ४२ कायदे बदलले आणि त्यांत १९८१ चा हवा प्रदूषण कायदाही होता. आमच्या रानातून हिरडा नेणाऱ्या व्यापाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा समितीचा अधिकार शाबूत आहे का, आणि कैदेची भीती गेल्यावर नियम कोण पाळेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
आपल्या समितीचा शुल्क आकारण्याचा अधिकार कायम आहे, त्यामुळे ठराव करून तो जरूर वापरावा. खरा बदल सवलतींमध्ये आहे. जैविक संसाधनांचा व्यापारी वापर करणाऱ्या भारतीयांना राज्य जैवविविधता मंडळाला आगाऊ कळवावे लागते. त्यातून स्थानिक लोक, वैदू आणि हकीम यांना पूर्वीही सूट होती. आता संहिताबद्ध (म्हणजे ग्रंथांत नोंदलेले) पारंपरिक ज्ञान, लागवडीखालील औषधी वनस्पती आणि नोंदणीकृत आयुष (आयुर्वेद, युनानी इत्यादी) चिकित्सक यांनाही ती मिळाली आहे. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसी या आयुर्वेदिक औषध उत्पादकाच्या प्रकरणात भारतीय कंपन्यांनाही स्थानिक समुदायांना लाभातील वाटा द्यावाच लागेल असे ठरवले होते. त्या निकालानंतर तीन वर्षांनी हे विधेयक आले, हा क्रम मला अस्वस्थ करतो. डिसेंबर २०२१ मध्ये ते संसदेच्या पर्यावरणविषयक स्थायी समितीकडे न देता दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपवले गेले, तेव्हा स्थायी समितीचे अध्यक्ष जयराम रमेश यांनी आक्षेप नोंदवला होता. माझ्या मते तो आक्षेप योग्यच होता, कारण वर्षानुवर्षे याच विषयावर काम केलेल्या सदस्यांपुढे हे विधेयक जायला हवे होते.

जैवविविधता कायद्यात आता १ लाख ते ५० लाख रुपयांचा दंड आहे. हानी याहून मोठी असेल तर दंड त्या प्रमाणात वाढवता येतो.

प्रतिसाद २:
मी चंद्रपूरला राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्येच आमच्या परिसराला अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत घातले होते. सकाळी झाडलेल्या ओसरीवर दुपारपर्यंत पुन्हा काळी धूळ बसते, हे माझ्या आईने आयुष्यभर पाहिले आहे. हवा कायद्यात मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषक सोडणाऱ्याला पूर्वी दीड ते सहा वर्षांची कैद होती, आता १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आहे. छोट्या कारखान्याला १५ लाख जड जातील हे मान्य आहे, पण मोठ्या उद्योगाच्या हिशेबात तो खर्चाचा एक रकाना होतो. शिवाय हा दंड न्यायालयाऐवजी सरकारने नेमलेला अधिकारी ठरवणार, आणि त्यावरचे अपील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाणार.

प्रतिसाद ३:
वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. खटले वर्षानुवर्षे रेंगाळत असतील, तर कागदावरच्या कैदेने हवा शुद्ध होत नाही. नव्या तरतुदीप्रमाणे ९० दिवसांत दंड न भरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही विसरू नये. अधिकारी वेळेत आदेश काढतील का, इतकीच माझी चिंता आहे.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. येत्या बैठकीत शुल्काचा ठराव मांडतो. हिरडा रानातला आहे, लागवडीचा नाही, ही नोंद आमच्या लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीच्या ज्ञानाच्या नोंदींची वही) गावातील ज्येष्ठांच्या साक्षीने आधी करून घेतो, म्हणजे नव्या सवलतीचा आधार घेऊन कोणी शुल्क नाकारू शकणार नाही.