दर ठरवणं म्हणजेच हवामानाचा विचार करणं
'हवामान बदल हा वीज नियामक आयोगाचा विषयच नाही, त्यांनी दर तेवढे ठरवावेत' हे मत काहीजण मांडतात, ते मला अजिबात पटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या दूधगंगा-वेदगंगेच्या पुरात कर्नाटकातल्या आमच्या निपाणी भागात नदीकाठचे डीपी (वीज ट्रान्सफॉर्मर) पाण्यात गेले, पाणी उपसायच्या मोटारी गाळात रुतल्या. डीपी पुन्हा तिथंच बसवायचे की उंच चौथऱ्यावर? प्रश्न खर्चाचा आहे, आणि दरात कुठला खर्च धरायचा ते आयोगच ठरवतो. शिवाय अक्षय ऊर्जेला चालना देणं हे २००३ च्या वीज कायद्यातल्या कलम ८६ नुसार आयोगाचंच काम आहे. दरवाढीच्या प्रस्तावावर लोकांच्या हरकती विचारात घेणंही कलम ६४ नं बंधनकारक आहे. चिकोडी, खानापूर, बेळगावकरांनो, पुढच्या हरकतींत हा मुद्दा लेखी घालाच. कन्नड मसुद्याला मी मदत करेन.