ऐकून म्हणते तेव्हा जमतं, समोरचा बोलला की गडबडते

कळवेकर_आई

नमस्कार. मी कळव्याला राहते आणि कोपरखैरण्याला दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. शिक्षण बारावी, मराठी माध्यम. निम्मे पेशंट मराठी-हिंदी बोलतात, त्यांचं काही नाही. उरलेले आयटीवाले, ते फोन लागल्या लागल्या इंग्रजीतच सुरू होतात. म्हणून दिवाळीपासून मी मोबाइलवर ते ऐकून म्हणायचे धडे लावते. बाई एक वाक्य म्हणते, थांबते, मग मी मोठ्याने म्हणते. रोज २० मिनिटं. वन रूम किचनमध्ये वेगळी जागा कुठली, ओट्यापाशीच उभी राहून म्हणते, कुकरच्या शिट्ट्यांच्या वर आवाज काढून. पहिले चार दिवस ती बाई 'लिसन अँड रिपीट' म्हणायची तेही मी इमानेइतबारे म्हणत होते. मुलाने सासूबाईंना नक्कल करून दाखवली तेव्हा कळलं.

आता वाक्यं तोंडात बसलीत. पण गेल्या गुरुवारी एका गृहस्थांना मी झोकात विचारलं, "डू यू माइंड वेटिंग?" ते हसून म्हणाले, "नॉट ॲट ऑल." मला वाटलं, अजिबात थांबणार नाही म्हणतायत. घाबरून त्यांना सरळ आत पाठवलं. खुर्चीत आधीच एक आजी तोंडात कापूस धरून बसलेल्या. डॉक्टर मॅडमनी माझ्याकडे कसं बघितलं ते सांगत नाही.

तर अशी पोपटपंची करून खरंच बोलता येतं का? एका क्लासवाल्याने तीन महिन्यांचे ९ हजार सांगितलेत. ते भरू की हेच चालू ठेवू?

घणसोली_९८

इंग्लिश पिक्चर बघा सबटायटल लावून. आपोआप येतं.

तुर्भे_एसीवाला

आपोआप फक्त झोप येते भावा. मी दोन वर्षं बघितले.

ताई, ९ हजार ठेवा घरात. मी असाच क्लास लावला होता ठाण्यात. एका खोलीत चाळीस जण, तासात माझ्या वाट्याला दोन वाक्यं यायची. तुमचं तोंड रोज २० मिनिटं चालतंय, ते कितीतरी जास्त झालं.

चूक एवढीच की तुम्ही फक्त तुमची बाजू पाठ केलीत. समोरचा काय बोलेल ते कधी तोंडातून काढलंच नाही, मग कानाला ओळखीचं कसं वाटणार? माझंही तेच व्हायचं. कस्टमरला 'व्हॉट इज द प्रॉब्लेम' विचारायचो आणि त्याने सांगितलेला प्रॉब्लेम डोक्यावरून जायचा. मग मी काय केलं, कस्टमर जी वाक्यं खरोखर बोलतात ती आठ-दहा वहीत लिहिली. पाणी गळतंय, कूलिंग नाही, आवाज येतोय. आमच्या सुपरवायझरला चहा पाजून ती त्याच्या आवाजात व्हॉइस नोट करून घेतली, प्रत्येक वाक्यानंतर थोडी जागा सोडून. ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसलो की कानात लावायचो. पहिले दोन दिवस नुसतं त्याच्यामागे म्हणायचं. तिसऱ्या दिवसापासून त्या मोकळ्या जागेत उत्तर द्यायचं. ऐरोलीपर्यंत लोक बघतात, नंतर कोणी बघत नाही. 'सिन्स व्हेन?' या दोन शब्दांवर माझं अर्धं काम निघतं आज.

नौपाडा_मास्तर

एसीवाल्यांनी सांगितलेली युक्ती जुनी आणि पक्की आहे. पॉल पिम्सलर नावाचे भाषातज्ज्ञ होते. त्यांच्या ध्वनिफितींत उत्तर आधी ऐकवत नाहीत. प्रश्न विचारून थांबतात, तुम्ही स्वतः बोलायचं आणि मग बरोबर काय ते ऐकायचं. उजळणी कधी करावी याचंही गणित त्यांनी १९६७ साली मांडलं होतं: ५ सेकंदांनी, मग २५ सेकंदांनी, २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाने, ५ तासांनी, दुसऱ्या दिवशी. म्हणजे ओट्यापाशी सलग २० मिनिटं म्हणण्यापेक्षा तीच वाक्यं सकाळी गाडीत, दुपारी डबा खाताना आणि रात्री पुन्हा अशी काढा. घड्याळ लावून बसू नका मात्र.

'माइंड'चं बघा. त्या वाक्याचा अर्थ 'थांबायला तुमची हरकत आहे का' असा होतो. हरकत अजिबात नाही, म्हणून 'नॉट ॲट ऑल'. ते बिचारे थांबायला तयार होते. अर्थ न कळता म्हटलेलं वाक्य घशातच राहतं, म्हणून आधी अर्थ, मग आवाज.

आता आवाजाबद्दल, कारण तुमचा सगळा कारभार फोनवर. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला सारखा पगार देतो. इंग्रजीत एकाला भरघोस आणि बाकीचे उपाशी. 'बनाना'त मधल्या 'ना'वर जोर, कडेची दोन अक्षरं जवळजवळ गिळलेली. 'अपॉइंटमेंट'मध्ये जोर 'पॉइंट'वर. म्हणताना भर असेल तिथे ओट्यावर बोटाने ठोका द्या. यातच एक खोडा आहे. 'आय कॅन कम'मधला 'कॅन' बोलण्यात 'क्न' इतका बारीक होतो. 'कान्ट' मात्र ठणठणीत लांब येतो. शेवटचा 'ट' ऐकत बसाल तर फसाल, बहुतेक वेळा तो ऐकूच येत नाही. शब्द दणकून आला तर पेशंट येणार नाही, निसटून गेला तर येणार.

आणि बेसिनच्या आरशासमोर 'व्हिजिट' आणि 'वेट' म्हणून बघा. 'व्हिजिट'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकले पाहिजेत. 'वेट'ला दात लागता कामा नयेत, शिट्टी मारताना करतो तसा ओठांचा चंबू. आपण दोन्हींना एकच 'व' वापरून मोकळे होतो.

आमच्या उमेदीत शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकाचं 'स्पेशल इंग्लिश' लागायचं. १९५९ पासूनचा कार्यक्रम, साधारण १५०० शब्दांत बसवलेला आणि मुद्दाम सावकाश वाचलेला. खरखरीतून एक वाक्य पकडायचं, आणि रेडिओ काही मागे नेता येत नसे. तुमच्या हातात मागे नेता येणारी बाई आहे, वेगही कमी करता येतो. फार कमी करू नका, पाऊणपट पुरे. त्याखाली माणूस प्यायल्यासारखा बोलतो.

कळवेकर_आई

सर, दादा, दोघांचे आभार. पंधरा दिवसांनी लिहितेय.

दवाखान्यात काय काय विचारतात ते लिहिलं, अकरा वाक्यं झाली. एक नेहमीच्या पेशंट आहेत, कॉलेजात शिकवतात. त्यांना लाजतच विचारलं, तर त्यांनी वेटिंगमध्ये बसल्या बसल्या व्हॉइस नोट करून दिली. त्यांचीच अक्कलदाढ दुखत होती, त्यामुळे आवाज जरा सुजलेला आलाय, पण फोनवर पेशंट तसेच बोलतात म्हणा.

परवा एकाने विचारलं, "कॅन यू स्क्वीझ मी इन टुडे?" हे अकरात नव्हतंच. आधी लिंबूच डोळ्यासमोर आलं. पण 'इन टुडे' कानात पडलं, म्हटलं, आज मधे कुठेतरी घुसवा म्हणत असणार. "फाइव्ह थर्टी?" एवढंच बोलले. तो "परफेक्ट" म्हणाला. बारावं वाक्य वहीत गेलं.

'कॅन' आणि 'कान्ट'मध्ये अजून एकदा फसले, ते सोडा.

सर, एक शंका. ठोका देऊन बघताना लक्षात आलं की धड्यातली बाई 'रूट कनॅल' म्हणते, जोर शेवटी. आमच्या डॉक्टर मॅडम 'रूट कॅनल' म्हणतात, जोर पुढे. मी काय म्हणू?

नौपाडा_मास्तर

बाईचं बरोबर आहे. पण दवाखान्यात मॅडम म्हणतात तेच म्हणा, पगार त्या देतात.