गरोदर वा बाळंतीण नसलेल्या बाईचं पोषण

"पोषण योजना सगळ्या बायकांसाठीच असतात, अजून काय हवं?" असं पोषण योजनांवरच्या चर्चेत एकांनी विचारलं. पण कोणत्या बायकांसाठी? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अंगणवाडीतला मोफत आहार गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने मिळतो. नंतर काय? पुण्यात जनता वसाहतीतून सकाळी निघून चार घरची धुणीभांडी करणारी पंचेचाळिशीची बाई त्यात बसतच नाही. रेशनचा गहू-तांदूळ येतो, डाळ-भाजी मात्र सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरली तर तिला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ टक्के. पाळी, बाळंतपणं ही कारणं आहेतच, पण ताटातलं अंतर का विसरायचं?

त्याच कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. पण कार्डावर नाव लागलं म्हणून आधी जेवायचा हक्क मिळत नाही. आहाराचे सल्लेही बहुतेक तिलाच. असे सल्ले देणारे कार्यक्रम रविवारी ठेवा, नवऱ्याला आणि सासूलाही बोलवा. आणि रेशनवर तूरडाळ कायमची द्या.